अठरा प्लस चारशेची मोरी

दिब्ब्याला दोन दिवसांत जाऊन येता येतं का, असं या ब्लॉगवर दर महिन्याला कुणीतरी विचारतं. येतं हो. आता तर सकाळचा चहा घेऊन निघालात तर समुद्रात पाय बुडवून दुपारी उशिरा का होईना, जेवायला घरी याल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मात्र दुबईत मेट्रो नव्हती, फोनवर नकाशे नव्हते, आणि माझ्यासोबत व्हॅनमध्ये सगळं काही माहीत असलेले तीन पुरुष होते. त्यामुळे वेळ जरा जास्त लागला.

तेव्हा आम्ही अल मनखूलला राहायचो. दोन बेडरूमचा फ्लॅट, एका खोलीत आम्ही, म्हणजे मी, माझा नवरा प्रकाश आणि नऊ वर्षांची सई. दुसऱ्या खोलीत सुर्वे आणि नलिनी. स्वयंपाकघर एक. खरं म्हणजे त्या खोलीत नलिनी एकटीच असायची, कारण सुर्वे सर्व्हेयर. दिब्ब्याच्या पाठच्या डोंगरांतून एक जोडरस्ता चालला होता, त्या कामावर ते शनिवारी पहाटे कंपनीच्या बसनं जायचे आणि गुरुवारी संध्याकाळी धुळीनं माखून परत यायचे. अशी पाच वर्षं गेली. मग रस्ता संपला, व्हिसा रद्द झाला आणि रविवारच्या विमानाची तिकिटं आली.

बुधवारी रात्री जेवताना नलिनी म्हणाली, "अहो, रविवारी विमानात बसले की खलास. त्याआधी मला ती जागा बघायचीय."

"कुठली जागा?" सुर्वे म्हणाले.

"तुम्ही पाच वर्षं जिथं राहिलात ती. लग्नाची बायको इथं नि तुम्ही तिथं. निदान सवतीचं तोंड तरी बघू दे."

"अगं, तिथं बघण्यासारखं काही नाही. कॅम्प उखडला, मेस पाडली."

"मेस पाडली?" नलिनीला याचं फारच वाईट वाटलं. कारण मेस हे तिचं जुनं दुखणं होतं. दर शनिवारी ती नवऱ्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, आणि दर गुरुवारी सुर्वे येऊन मेसचं कौतुक सांगायचे. परवा राजमा होता, काल दहीवडे, एसी इतका गार की स्वेटर घालावा लागतो. नलिनी गप्प बसून ऐकायची आणि नंतर ओट्यापाशी मला म्हणायची, "कोण हा कुक, एकदा बघायलाच हवा." कऱ्हाडची सुगरण ती, कुणा अनोळखी कुकशी पाच वर्षं मनातल्या मनात झुंजत होती.

शेवटी सुर्वे म्हणाले की एक गोष्ट अजून उभी आहे. अठरा प्लस चारशेला रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी आहे, तिची आखणी त्यांनी एकट्यानं केली होती. सर्व्हेयर लोक रस्ता गावांच्या नावांनी ओळखत नाहीत. सुरुवातीच्या खुंटीपासून अठरा किलोमीटर आणि वर चारशे मीटर, याला ते चेनेज म्हणतात आणि तोच त्यांचा पत्ता. नलिनी म्हणाली, मोरी तर मोरी.

गाडीचा प्रश्न सलीमभाईंनी सोडवला, म्हणजे त्यांच्या मते सोडवला. सलीमभाई रत्नागिरीचे, शारजा औद्योगिक क्षेत्रात त्यांचं गॅरेज आणि जुन्या गाड्यांचा धंदा. सुर्वे आणि ते एकाच वर्षी इकडे आलेले, त्यामुळे शेवटची ट्रिप म्हटल्यावर तेही येणारच. त्यांच्याकडे नुकतीच आलेली एक पांढरी व्हॅन होती. फक्त आदल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या हातावर गिअरबॉक्स पडला होता आणि हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. प्रकाश लायसन्सच्या परीक्षेत पाचव्यांदा नापास झालेला. सुर्व्यांनी कधी परीक्षा दिलीच नव्हती. राहिले मी. मी दुसऱ्या खेपेला पास झाले होते, याचा राग आमच्या घरात अजून पुरता गेलेला नाही.

गुरुवारी दुपारी एकला निघायचं ठरलं होतं. टॅक्सीनं शारजाला गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर अडीच झाले, कारण दुबई-शारजा रस्ता तेव्हाही तसाच होता, आणि गुरुवारी अर्ध्या दिवसानंतर तर अख्खं जग त्याच्यावर येतं. व्हॅन बघून मी कपाळावर हात मारला. एसी फक्त दोनच जागी वारा करत होता, त्यातली एक जागा म्हणजे माझा गुडघा. मागं नलिनीनं सामान चढवलं. दोन मोठ्या पिशव्या, थर्मास, पाण्याचं कॅन आणि चार डबे, त्यातल्या एकाचं झाकण दुसऱ्याच डब्याचं, दोरीनं बांधलेलं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"माहेरचा डबा आहे, नाव घातलेला. मूळ झाकण यांच्या मेसच्या कुकनं हरवलं." तिनं सुर्व्यांकडे असं पाहिलं की ते खिडकीबाहेर बघायला लागले.

ढैदपर्यंतचा रस्ता सरळ आहे. झोप येईल इतका सरळ. मी नियमानं चालवत होते, काटा सत्तरच्या वर जाऊ देत नव्हते, तरी सलीमभाईंची शेजारून कॉमेंट्री चालू होती. "वंदनाताई, ब्रेक हळू. वंदनाताई, आरसा बघा. वंदनाताई, उंट." मागं प्रकाश दोन्ही हातांनी सीट धरून बसला होता.

"अगं, जरा सावकाश," तो म्हणाला.

"सत्तर म्हणजे सावकाशच असतं," मी म्हटलं. "ज्याला लायसन्स नाही त्यानं बोलू नये."

सई म्हणाली, "मम्मा, पप्पा इज स्केअर्ड." मी आणखी चिडले.

मसाफीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळं, कुंड्या आणि गालिचे विकणारी दुकानं लागतात. तिथं थांबू नका. थांबलात तर बरोबरच्या माणसांतल्या कुणालाही उतरू देऊ नका. प्रकाश "पाच मिनिटांत येतो" म्हणून उतरला आणि पाऊण तास एका पठाणाशी घासाघीस करत बसला. पठाण चारशे दिरहम म्हणाला, प्रकाश ऐंशी म्हणाला. दोघं एकमेकांना हबीबी म्हणत भांडले, चहा प्याले, आणि एकशेवीसला सौदा पटला. "म्हणजे साडेचौदाशे रुपये फक्त!" प्रकाश विजयी मुद्रेनं म्हणाला. लाल गालिचा, नऊ फूट लांब. तो व्हॅनमध्ये एकाच पद्धतीनं बसत होता, ती म्हणजे मागच्या सगळ्यांच्या मांडीवर आडवा. मार्च महिना, बाहेर चौतीस डिग्री, आणि नलिनी लोकरीच्या गालिच्याखाली. तिची नजर उन्हावर होती, आणि ऊन उतरत चाललं होतं.

त्या दिवशी मोरी होणार नव्हती हे आता उघड होतं. मी प्रकाशला सांगितलं की तुझा गालिचा आम्हाला महागात पडलाय. आम्ही मुख्य रस्त्यानं तसेच दिब्ब्याला उतरलो. गाव एकच, पण त्याचा एक तुकडा फुजैराचा, एक शारजाचा, एक ओमानचा. त्या काळी मधे कुणी विचारायचंही नाही. समुद्राजवळच्या साध्या रेस्ट हाऊसमध्ये खोली दीडशे दिरहमला मिळाली. "अठराशे रुपये, आणि गरम पाणी नाही," प्रकाशनं हिशेब लावला. मासे मात्र ताजे होते, समोर भाजून दिले, सोबत खुबूसची रोटी आणि लिंबू. नलिनीनं जेमतेम एक तुकडा खाल्ला. मला हळूच म्हणाली, "उद्या जमेल ना गं? परवा दिवसभर पॅकिंग आहे." मी म्हटलं, इन्शाल्ला. माझा आवाज फारसा भरवशाचा नव्हता.

शुक्रवारी सकाळी नऊला कॅम्पच्या जागेपासून सुरुवात केली. तिथं आता मोकळं मैदान होतं, पण पाण्याच्या टाकीचे चार सिमेंटचे पाय उरले होते. सुर्वे उतरले, टाकीपासून पावलं मोजत चालत गेले आणि एका ठिकाणी बूट आपटून म्हणाले, "हा झिरो. वहिनी, पुढचं चाक इथं आणा." मी आणलं. त्यांनी खिडकीतून हात घालून मीटरच्या खालचा ट्रिपचा आकडा शून्य केला. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पाच वर्षांत पाहिला नव्हता.

रस्ता फार सुंदर आहे, हे कबूल करते. करडे-जांभळे डोंगर, मधेच खजुराची चार झाडं, दगडांच्या भिंतींमधलं एखादं शेत. हे सगळं मी पाहिलं. सुर्व्यांनी काहीच पाहिलं नाही. ते माझ्या खांद्यावरून मीटर बघत होते.

"अहो, बाहेर बघा ना, ओळखू येईल," नलिनी म्हणाली.

"ओळखू कसा येणार? मी आखणी केली तेव्हा रस्ता नव्हता. आकडा चुकत नाही. तू बघ."

पंधरा, सोळा, सतरा. अठरा पॉइंट चार. मी थांबले. सगळे उतरले. एकीकडे डोंगर बराच मागं सरलेला, दुसरीकडे सपाट रेताड आणि बाभळी. रस्त्याखाली एक मोरी होती खरी. सुर्वे उतारावरून घसरत खाली गेले आणि तसेच वर आले.

"ही माझी नाही. ही पाइपची आहे. माझी बॉक्स आहे, चौकोनी, माणूस उभा राहील अशी."

मग आम्ही पायी शोधायला लागलो. पाचशे मीटर पुढं, पाचशे मीटर मागं. सलीमभाई प्लास्टरच्या हाताला रुमाल बांधून सावली करत होते. प्रकाश म्हणाला, खुंटी चुकली असेल. सुर्वे म्हणाले, खुंटी चुकणार नाही. सलीमभाई म्हणाले, नवीन कंत्राटदारानं पाडली असंल. ज्या माणसाचं पंचवीस वर्षांत मोजमापात बोटभर चुकलं नाही, तो रस्त्याच्या कडेला बसून वहीत जुने आकडे पुन्हा पुन्हा तपासत होता. मला त्यांची दया यायला हवी होती. मला भूक लागली होती, गुडघा गारठला होता आणि पाठ भाजली होती, त्यामुळे मला फक्त राग येत होता.

बारा वाजता सलीमभाई म्हणाले, जुम्म्याची नमाज आहे, पुढं मशीद दिसतेय. थोडं पुढं जोडरस्ता मोठ्या रस्त्याला मिळण्याच्या जरा आधी एक लहानशी मशीद होती, बाहेर पिकअप गाड्यांची रांग. वाटसरूंनी एक लक्षात ठेवा. शुक्रवारी साडेअकरानंतर दोन तास दुकान, पंप, सगळं बंद असतं. जे हवं ते आधी घ्या. सलीमभाई आत गेले आणि आम्ही व्हॅनचे दरवाजे उघडे टाकून बसलो.

प्रकाशनं मग सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "आता आपण घराच्या बाजूला आलोच आहोत. नमाज झाली की सरळ शारजा धरू. चारपर्यंत घरी."

"हो," सुर्वे म्हणाले. "चला घरी. माझंच चुकलं. नलिनी, गेली असेल ती मोरी."

नलिनी म्हणाली, "बरं." एवढंच. डब्याला बांधलेली दोरी सुटली होती, ती पुन्हा बांधत बसली. हिनं पाच वर्षांत या देशात मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती आम्ही पाच जण मिळून हिला देऊ शकत नव्हतो.

सई पुढच्या सीटवर चढून बसली होती. कंटाळली होती बिचारी. "मम्मा," ती म्हणाली, "दॅट बोर्ड सेज दिब्बा थर्टी-टू. अवर मीटर सेज नाइन्टीन. हू इज लायिंग?"

"बोर्ड चुकीचा असेल," प्रकाश म्हणाला.

"अँड व्हाय डझ इट से एम-पी-एच?"

सुर्वे इतक्या जोरात उठले की त्यांचं डोकं छताला आपटलं. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी मीटर पाहिला. मग मी पाहिला. बारीक अक्षरं होती, पण होती. दोन दिवस माझ्या नाकासमोर होती. गाडी मैलांत बोलत होती. म्हणजे काल मी काटा सत्तरवर ठेवून, नियमाचं पालन करत, ताशी शंभरच्या बऱ्याच वर गाडी हाणत होते. मी प्रकाशकडे वळून पाहिलं नाही.

सलीमभाई नमाज पढून शांत चेहऱ्यानं आले. मी म्हटलं, "सलीमभाई, मीटर मैलांत आहे!"

"मग?" ते म्हणाले. "अवो ताई, अमेरिकेची गाडी हाय. तिकडं मैलच असतात. मना वाटला, तुमाला ठाव असंल."

"दोन तास आम्ही उन्हात मोरी शोधतोय! तुम्हीही शोधत होतात!"

"सगळे शोधत होते, म्हणून मी पन शोधला."

मी यावर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुर्वे तोवर वहीत भागाकार करून मोकळे झाले होते. कॅम्पपासून अकरा पॉइंट चार मैल. आपण ती सकाळीच ओलांडून आलो. "वहिनी," ते म्हणाले, "यल्ला, चला."

प्रकाश म्हणाला, अजून मागं जायचं म्हणजे उशीर होईल, ट्रॅफिक लागेल. मी त्याला सांगितलं की तू गालिचा सांभाळ. आणि गाडी वळवली.

मोरी होती. वरून दिसतच नाही, रस्ता तिच्यावरून सपाट जातो आणि कडेला पत्र्याचा कठडा आहे. खाली उतरलं की वाडीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, गोट्यांमध्ये सिमेंटची एक चौकोनी खोली, दोन्हीकडून उघडी. आत सावली आणि त्या सावलीत सात-आठ शेळ्या. आम्हाला पाहून त्या नाराजीनं उठल्या.

सई म्हणाली, "इट्स जस्ट अ ड्रेन!"

"हो ना," नलिनी म्हणाली. पण ती आत गेली. भिंतीवरून हात फिरवत चालत गेली. सुर्वे मागून सांगत होते, ही लेव्हल, हा लाल रंगाचा त्रिकोण मी काढला, पाणी इथवर येतं असं एका धनगर म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणून मी हिची उंची वाढवून घेतली. नलिनी मधेच थांबली. भिंतीचा एक कोपरा काजळीनं काळा झाला होता. खाली तीन दगड मांडलेले, मधे जुनी राख. दगडांवर एक काळंकुट्ट थाळीसारखं काहीतरी उपडं पडलं होतं.

तिनं ते उचललं. बसली, मूठभर वाळू घेतली आणि घासायला लागली. काठाशी स्टील चमकलं. मग अक्षरं आली. चि. नलिनी.

मग ती म्हणाली, "हे मेसच्या कुकनं हरवलं ना?"

सुर्वे शेळ्यांकडे बघत होते. "मेस कॅम्पात होती," ते म्हणाले. "इथून अठरा किलोमीटर. बस चारला यायची. दुपारी जाणार कसं? आम्ही पाच-सहा जण इथंच बसायचो. या झाकणावर तुझ्या दशम्या गरम करायचो. बुधवारपर्यंत पुरवायचो."

"आणि राजमा? दहीवडे? स्वेटर?"

"काय सांगायचं होतं मग? जूनमध्ये इथं सत्तेचाळीस डिग्री असतं. तू काळजी केली असतीस."

"मग करू द्यायची होती ना!" नलिनीचा आवाज मोरीतून घुमला आणि शेळ्या पळाल्या. "पाच वर्षं मी त्या नसलेल्या कुकवर जळत बसले. माझं अन्न तुम्हाला आवडत नाही म्हणून रडले. एक दिवस खरं सांगितलं असतंत तर मी दुप्पट दशम्या दिल्या असत्या. सहा माणसांच्या दिल्या असत्या!" ती खरोखर संतापली होती, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. सुर्वे उभे होते, हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मीही रडत होते, उगाच कशाला लपवू.

सलीमभाईंनी घसा खाकरला. "ताई, डबा तरी उघडा. चार वाजतील आता."

प्रकाश गुपचूप वर गेला आणि गालिचा खांद्यावर घेऊन उतरला. मोरीत अंथरला, नीट बसला, जणू मापानं घेतला होता. नलिनीनं नाक पुसलं, तीन दगडांत काटक्या घातल्या आणि त्याच झाकणावर दशम्या गरम केल्या. सुर्व्यांना पहिली वाढली. ते खात होते तेवढा वेळ ती त्यांच्याकडे बघत होती.

घरी पोचायला आठ वाजले. ट्रॅफिक लागलंच, आणि ते आपण आधीच सांगितलं होतं हे प्रकाशनं तीनदा सांगितलं. रविवारी ते दोघं गेले. नलिनीनं झाकण सामानात टाकलं नाही, पर्समध्ये घेतलं. विमानतळावर तपासणीला पर्स उघडली तेव्हा तिथल्या बाईनं ते काळं झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, मग काही न विचारता परत दिलं.

आता आम्ही अल बर्शाला राहतो. सई टोरांटोला असते. गालिचा हॉलमध्ये आहे, शेंगदाण्याच्या चटणीचा तेलाचा डाग त्याच्या मधोमध आहे, आणि दर दिवाळीला प्रकाश तो धुवायला टाकू म्हणतो आणि दर दिवाळीला मी भांडते. त्या रस्त्यावरून मी पुष्कळदा गेले. तुम्ही गेलात तर दिब्ब्याकडच्या टोकाला टाकीचे चार पाय शोधा, शून्य लावा, आणि आधी मीटर कशात आहे ते बघा.

मागच्या महिन्यात चिपळूणला फोन केला होता. सुर्वे आता पंचाहत्तरीला आलेत, पण मित्रांबरोबर भटकणं सुटलं नाही. मी नलिनीला म्हटलं, आता तरी खरं सांगतात का?

"कसलं खरं," ती म्हणाली. "परवा तीन वाजता आले आणि म्हणाले, बाहेर जेवलो, छान होतं, एसी होता. मी सरळ विचारलं, कुठल्या मोरीत? आणि पान वाढलं. मुकाट्यानं बसले जेवायला."